लहान मेंदूच्या तीन धमन्या: ओळखायच्या कशा आणि जपायच्या कशा

न्यूरोसर्जरीला नव्याने आलेल्या रेसिडेंटला मी सुरुवातीचे काही महिने एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारते: "ही धमनी नेमकी इथे बंद केली, तर रक्त कुणाचं तुटेल?" नाव सगळ्यांना पाठ असतं. पण लहान मेंदूच्या धमन्यांच्या बाबतीत नाव सांगता येणं ही निम्मीच विद्या झाली. कुठल्या टप्प्यातून ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाला, केसासारख्या बारीक फांद्या जातात आणि कुठून पुढे जात नाहीत, हे डोळ्यांसमोर असेल तरच त्या नावाचा ऑपरेशनमध्ये उपयोग. म्हणून हे टिपण त्याच क्रमाने लिहिते आहे, आधी ओळख, मग फरक, मग सर्जरी.

ओळख: मुक्कामावरून मागे या

विद्यार्थी बॅसिलरपासून, म्हणजे ब्रेनस्टेमच्या पुढून वर जाणाऱ्या मुख्य धमनीपासून, सुरुवात करतात आणि फांद्या मोजत वर जातात. तसं करू नका. या धमन्यांचे उगम बेभरवशाचे आहेत, पोचायचं ठिकाण मात्र सहसा ठरलेलं असतं. लहान मेंदूचे तीन पृष्ठभाग आधी नीट बघा: टेंटोरियमला (लहान मेंदूवरच्या पडद्याला) लागून असलेला वरचा, पेट्रस (कानाजवळच्या) हाडाकडे तोंड केलेला पुढचा, आणि मानेच्या बाजूचा खालचा-मागचा. वरच्या पृष्ठभागावर पसरते ती सुपीरियर सेरिबेलर, म्हणजे आपली एससीए. पुढच्यावर पसरते ती आयका (अँटीरियर इन्फिरियर सेरिबेलर). खालच्या-मागच्यावर, टॉन्सिलवर (लहान मेंदूच्या खालच्या गोळ्यावर) आणि वर्मिसच्या (मधल्या पट्ट्याच्या) खालच्या भागात पसरते ती पायका (पोस्टीरियर इन्फिरियर सेरिबेलर). पृष्ठभागावरची फांदी पकडा आणि उगमाकडे मागे चला. उगम कुठेही निघाला तरी नाव चुकत नाही.

फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला डॉ. अल्बर्ट ऱ्होटन यांनी आयुष्यभर हेच काम केलं. 2016 मध्ये ते गेले, पण आज जगभरचे न्यूरोसर्जन त्यांच्याच प्रयोगशाळेतली चित्रं बघून शिकतात. त्यांनी पोस्टीरियर फोसाची, म्हणजे कवटीच्या मागच्या-खालच्या कप्प्याची, मांडणी तीन-तीनच्या हिशोबात केली आणि ती लक्षात ठेवायला इतकी सोपी आहे की मी अजून तिच्याहून चांगली पाहिलेली नाही. वरचा संच: एससीए, मिडब्रेन (ब्रेनस्टेमचा वरचा भाग), वरचा पेडंकल (लहान मेंदूला ब्रेनस्टेमशी जोडणारा दांडा), आणि मेंदूतून निघणाऱ्या बारा नर्व्हपैकी तिसरी, चौथी, पाचवी. मधला संच: आयका, पॉन्स (ब्रेनस्टेमचा मधला भाग), मधला पेडंकल, आणि सहावी, सातवी, आठवी. खालचा संच: पायका, मेड्युला (ब्रेनस्टेमचा खालचा भाग), खालचा पेडंकल, आणि नववीपासून बारावीपर्यंतच्या नर्व्ह. एवढं पाठ झालं की रुग्णाची लक्षणं ऐकूनच संशय कुठल्या धमनीवर घ्यायचा हे कळू लागतं. चक्कर आणि तोल जाण्याबरोबर एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं असेल तर आयका. गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला, तर खालचा संच.

डिसेक्शन करताना मेंदू उलटा ठेवा, ब्रेनस्टेम वर आला पाहिजे. धमन्यांत लाल लॅटेक्स भरलेला नमुना मिळाला तर उत्तमच. नसेल तर साध्या फॉर्मॅलिनच्या नमुन्यावरही काम होतं, पण अरॅक्नॉइड (मेंदूवरचा पातळ पडदा) चिमट्याने ओढून सालीसारखं सोलू नका. त्याच्याबरोबर ब्रेनस्टेमला जाणाऱ्या फांद्या उपटून येतात आणि मग समोर दिसते ती गुळगुळीत, फांद्या नसलेली, खोटी धमनी. नमुना पाण्यात बुडवून, भिंगाखाली, अरॅक्नॉइड बारीक कात्रीने धमनीच्या कडेकडेने कापा. वेळ लागतो. पण हाताला जी सवय इथे लागते तीच पुढे मायक्रोस्कोपखाली कामाला येते.

एससीए या तिघींमध्ये सगळ्यात भरवशाची. बॅसिलरच्या टोकाजवळ निघते, तिसऱ्या नर्व्हच्या खालून जाते. ही खूण कायम वापरा: तिसरी नर्व्ह वरच्या पोस्टीरियर सेरिब्रल आणि खालच्या एससीए यांच्या मधून बाहेर पडते. पुढे एससीए मिडब्रेनला वळसा घालते, तिचे वरचा आणि खालचा असे दोन भाग होतात आणि दोन्ही लहान मेंदू व मिडब्रेन यांच्यामधल्या खोल फटीत शिरतात.

आयका बॅसिलरच्या खालच्या अर्ध्या भागातून निघते, सहाव्या नर्व्हच्या वरून किंवा खालून जाते आणि सातवी-आठवी नर्व्ह जिथे कानाच्या आतल्या नळीत शिरतात तिथे एक वळण घेते. कधी हे वळण नळीच्या तोंडाशी थांबतं, कधी थेट आत शिरतं. आतल्या कानाला रक्त देणारी लॅबिरिन्थाइन धमनी बहुतेक वेळा याच टप्प्यातून निघते.

आणि पायका. तिला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण पोस्टीरियर फोसातल्या धमन्यांत तिच्याइतके फेरफार कुणाचेच नसतात. साधारणपणे ती व्हर्टिब्रलमधून (मानेतून वर येणाऱ्या धमनीतून), दोन्ही व्हर्टिब्रल एकत्र येऊन बॅसिलर बनते त्या जागेच्या सुमारे 16 मिलिमीटर खाली निघते. 1982 मध्ये ऱ्होटन यांच्या गटाने तिचे पाच टप्पे पाडले. पहिला मेड्युलाच्या पुढे, बाराव्या नर्व्हच्या मुळ्यांना चिकटून. दुसरा मेड्युलाच्या बाजूला, नववी-दहावी-अकरावीच्या मुळ्यांच्या मधून वाट काढत. तिसरा मेड्युला आणि टॉन्सिल यांच्यामध्ये. इथे ती खाली उतरून पहिलं मोठं वळण घेते, ते खालचं वळण. चौथा टॉन्सिलच्या आतल्या बाजूने वर चढतो, चौथ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) छताला लागून दुसरं वळण घेतो. पाचवा टप्पा पृष्ठभागावर पसरलेल्या फांद्यांचा.

आता मघाचा प्रश्न. ब्रेनस्टेमच्या फांद्या मुख्यतः पहिल्या तीन टप्प्यांतून निघतात. चौथ्यापासून पुढे त्या सहसा नसतात. सर्जरीचा सगळा विचार या एका रेषेभोवती फिरतो. चौथ्या-पाचव्या टप्प्यात धमनी बंद करावी लागली, तर लहान मेंदूचा काही भाग जाऊ शकतो आणि बरेचदा शेजारच्या धमन्या तोही सांभाळून घेतात. पहिल्या तीन टप्प्यांत बंद केली तर मेड्युला धोक्यात येतो.

फरक: 'नाही' म्हणण्याआधी

आयका आणि पायका यांचं नातं बांधाला बांध लागून असलेल्या शेतांसारखं आहे: एक धमनी आखूड असेल तर तेवढी जमीन शेजारीण कसते. रिपोर्टमध्ये 'पायका दिसत नाही' असं वाचलं की आधी त्याच बाजूची आयका बघा. ती नेहमीपेक्षा जाड दिसली आणि खाली उतरून टॉन्सिलपर्यंत गेली असेल, तर दोन्ही प्रदेश तीच चालवते आहे. अशी आयका बंद करणं म्हणजे एका क्लिपने दोन धमन्यांचं काम थांबवणं.

एससीए दुहेरी असणं विशेष नाही. ऱ्होटन यांच्या गटाने तपासलेल्या 50 एससीएंपैकी 7 दुहेरी निघाल्या, म्हणजे सातांत एक. कधी ती बॅसिलरऐवजी पोस्टीरियर सेरिब्रलमधूनच निघते. आयकाही दोन-दोन असू शकतात. पायका एका बाजूला दोन असतील, मुळीच नसेल, किंवा व्हर्टिब्रल पुढे बॅसिलरला न मिळता पायकामध्येच संपेल. हा शेवटचा प्रकार लक्षात ठेवायचाच: ती बारीक व्हर्टिब्रल 'दुसऱ्या बाजूची चांगली आहे' म्हणून बंद केली, तर दुसऱ्या बाजूकडून तिला भरपाई मिळत नाही.

दोन प्रकार मात्र ऑपरेशनच्या टेबलावर जास्त घातक ठरतात, म्हणून त्यांच्यावर थांबते.

पहिला, ड्युराच्या (मेंदूवरच्या जाड आवरणाच्या) बाहेरून निघणारी पायका. निरनिराळ्या अभ्यासांत हे प्रमाण 5 ते 20 टक्के सांगितलेलं आहे. व्हर्टिब्रल पहिल्या मणक्याच्या कमानीवरच्या खाचेतून जाते तिथे, किंवा त्याहीखाली, पायका निघते आणि स्वतंत्रपणे ड्युरा भेदून आत येते. आपण मानेचे स्नायू बाजूला करून व्हर्टिब्रल मोकळी करत असतो, भोवती शिरांचं जाळं रक्त सोडत असतं, आणि त्या लालीत 'स्नायूची फांदी असेल' म्हणून बायपोलर (रक्तस्राव थांबवायला जाळणारा चिमटा) लावला जातो. ती स्नायूची फांदी नसून पायका असली तर? म्हणून माझा नियम साधा आहे: ऑपरेशनआधीचा सीटी अँजिओग्राम पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यापर्यंत खाली बघायचा, आणि व्हर्टिब्रलच्या त्या भागातून ड्युराच्या दिशेने जाणारी कुठलीही फांदी मूळ ओळखल्याशिवाय जाळायची नाही.

दुसरा प्रकार दुर्मीळ: एकच पायका दोन्ही बाजूंना रक्त देते. तिच्या फांद्या वर्मिस ओलांडून पलीकडे जातात. अँजिओग्रामवर मधली रेषा ओलांडणाऱ्या फांद्या दिसल्या तर दुसऱ्या बाजूची पायका शोधा. ती सापडली नाही, तर ही धमनी बंद करण्याचा विचार सोडून द्या.

अँजिओग्राम वाचताना

एका व्हर्टिब्रलमध्ये डाय सोडून निष्कर्ष काढू नका. दोन्ही बाजूंना इंजेक्शन दिल्यावरच 'पायका नाही' हे शब्द लिहायचे. लॅटरल (बाजूने घेतलेल्या) चित्रात पायकाची दोन वळणं शोधा. खालचं वळण फोरामेन मॅग्नमच्या (कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्राच्या) आसपास असतं, काही जणांत त्याच्याही खाली. वरचं वळण चौथ्या व्हेंट्रिकलच्या छताशी असतं. तिथून कोरॉइड प्लेक्ससला (मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या जाळ्याला) फांद्या निघतात आणि त्याला कोरॉइडल पॉइंट म्हणतात. सीटी स्कॅन येण्याआधी हा बिंदू कुठे सरकला आहे यावरून पोस्टीरियर फोसातली गाठ कुठे असेल याचा अंदाज बांधत. आता त्याचं महत्त्व वेगळं आहे: कॅथेटरने धमनी बंद करायची झाली, तर या बिंदूच्या पुढे गेल्याशिवाय ती बंद करायची नाही.

एससीए बघायला टाऊन व्ह्यू (पुढून-वरून घेतलेलं चित्र) बरा. मिडब्रेनभोवतीचे दोन वळसे एकमेकांवर दिसतात, वरचा पोस्टीरियर सेरिब्रलचा, खालचा एससीएचा. आयकासाठी डोळा बसावा लागतो. ती कानाच्या नळीपाशी वळते ती जागा धरून ठेवा.

पायकाचा अ‍ॅन्युरिझम: क्लिप, कॉइल की बायपास

व्हर्टिब्रल आणि पायका यांच्या सांध्यावर फुगा (अ‍ॅन्युरिझम) आला आणि त्याची मान, म्हणजे धमनीशी जोडलेला भाग, अरुंद असेल, तर आज बहुतेक ठिकाणी कॉइलिंगचा (कॅथेटरने फुग्यात तारेची गुंडाळी भरण्याचा) विचार आधी होतो आणि तो योग्यच आहे. प्रश्न येतो तो पायका फुग्याच्या भिंतीतूनच निघत असेल तेव्हा, किंवा धमनीची भिंत फाटून तयार झालेला लांबट फुगा असेल तेव्हा. अशा वेळी मानेवर क्लिप बसत नाही आणि कॉइल भरली तर पायकाच बंद व्हायची भीती असते.

वाट बहुधा 'फार लॅटरल', म्हणजे कवटीच्या मागून, कडेच्या बाजूने. रुग्ण पार्क बेंच पोझिशनला (कुशीवर). पहिल्या मणक्याची अर्धी कमान काढतो, फोरामेन मॅग्नमची कडा काढतो, काँडाइल (कवटी मानेवर टेकते तो उंचवटा) लागेल तेवढंच घासतो. ड्युरा उघडल्यावर मी लगेच फुग्याकडे जात नाही. आधी सिस्टर्ना मॅग्नामधलं (लहान मेंदूखालच्या कप्प्यातलं) पाणी सोडते. अरॅक्नॉइड फाडलं की स्वच्छ द्रव भसकन येतो आणि क्षणभराने लहान मेंदू सैल पडतो, रिट्रॅक्टरची गरजच उरत नाही. मग व्हर्टिब्रल जिथे ड्युरा भेदते तिथे टेम्पररी क्लिपसाठी जागा करायची, म्हणजे फुगा फुटलाच तर रक्त थांबवायला हाताशी काही असेल. त्यानंतर नववी ते अकरावीच्या मुळ्या. मायक्रोस्कोपखाली त्या पांढऱ्या धाग्यांसारख्या एकाखाली एक दिसतात आणि आपलं सगळं काम त्यांच्या मधल्या फटींमधून करायचं असतं. सक्शनचं टोक या धाग्यांना नुसतं टेकलं तरी गिळणं बिघडू शकतं. मी सक्शनचा जोर इथे कमी करायला सांगते आणि मुळ्यांवर ओल्या कापसाची पट्टी ठेवते.

क्लिप लावल्यावर तीन गोष्टी: मायक्रो-डॉपलर पायकावर टेकवून आवाज ऐकायचा, आयसीजी (चमकणारा रंग) सोडून रक्त पुढे जातंय हे बघायचं, आणि बारीक फांद्या क्लिपच्या पात्यात अडकल्या नाहीत ना हे क्लिप फिरवून मागच्या बाजूनेही तपासायचं. तिसरं सगळ्यात जास्त विसरलं जातं.

फुगा पहिल्या तीन टप्प्यांत असून क्लिप बसत नसेल, तर पायकाला दुसरीकडून रक्त द्यावं लागतं. पर्याय मुख्यतः दोन. ऑक्सिपिटल धमनी कवटीच्या मागच्या स्नायूंमधून सोडवून तिचं टोक पायकाला जोडणं. ती धमनी नागमोडी असते, स्नायूंच्या थरांतून जाते, तिला सोडवायलाच बराच वेळ जातो. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो: दोन्ही बाजूंच्या पायका एकमेकींना शेजारून जोडणं. टॉन्सिल बाजूला केले की दोन्हींची खालची वळणं मधल्या रेषेजवळ बहुधा इतकी जवळ येतात की जणू जोडायलाच ठेवली आहेत. दोन्हींवर टेम्पररी क्लिप, समोरासमोर चीर, लांबी धमनीच्या व्यासाच्या साधारण तिप्पट. आधी मागची भिंत, आतल्या बाजूने सलग टाके घालत. मग पुढची. धागा 10-0 नायलॉन. दीड-दोन मिलिमीटरच्या नळीत श्वास रोखून हे टाके घालताना एकच काळजी असते की सुईने समोरची भिंतही पकडली जाऊ नये. म्हणून प्रत्येक टाक्याला आतली पोकळी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर हेपरिनचं पाणी सोडून धुवून घ्या. या जोडणीची उणीव सरळ आहे: चांगल्या बाजूची पायकाही काही वेळ बंद राहते. ती दुहेरी किंवा फार बारीक निघाली तर हा मार्ग सोडायचा, आणि हे आधी अँजिओग्रामवर ठरवायचं.

ऑपरेशननंतर श्वासाची नळी काढण्याची घाई नको. रुग्ण शुद्धीवर आहे, हात हलवतो, म्हणजे झालं असं नसतं. खोकला जोरकस आहे का, थुंकी गिळतो का, आवाज कसा आहे ते बघा. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही नाही, आणि हे नातेवाइकांना स्वतः समजावून सांगा. आपल्याकडे आई डोळे उघडून बघते आहे म्हटल्यावर मुलगी मायेने चमच्याने दोन घोट चहा पाजते. तो चहा फुफ्फुसात गेला तर निमोनियाशी झुंजावं लागतं. खाटेपाशी पाटी लावली तरी बोलून सांगणं चुकवू नका.

एससीए, आयका आणि कळा

ट्रायजेमिनल न्यूराल्जियात चेहऱ्यात विजेसारखी कळ येते, दात घासता येत नाहीत, कित्येक जण चांगले दात काढून आलेले असतात. वॉल्टर डँडी यांनी 1934 मध्येच नोंदवलं होतं की धमनी पाचव्या नर्व्हला दाबत असते. पीटर जॅनेटा यांनी पुढे मायक्रोस्कोप वापरून 1967 मध्ये त्यावरचा उपाय मांडला. बहुतेक रुग्णांत दोषी एससीएच असते, वरून नर्व्हवर टेकलेली. कानामागून वाट, लहान मेंदू अलगद, आणि ओढ बाजूने न देता वरच्या कडेने. बाजूने ओढलं की आठवी नर्व्ह ताणली जाते आणि ऐकणं जातं. एससीए दुहेरी असेल तर दोन्ही भाग सोडवायचे, एकाला टेफ्लॉन (धमनी आणि नर्व्ह यांच्यामधली गादी) लावून समाधान मानायचं नाही. नर्व्हच्या पूर्ण लांबीवर, पार ब्रेनस्टेमपर्यंत, सगळ्या बाजूंनी बघा.

अर्ध्या चेहऱ्याच्या आचक्यांत, म्हणजे हेमिफेशियल स्पाझममध्ये, हेच काम आयका किंवा पायका करते, आणि दाब बहुधा सातवी नर्व्ह ब्रेनस्टेममधून निघते तिथे असतो. अकूस्टिक न्यूरोमा (आठव्या नर्व्हवरची गाठ) काढताना आयकाचं वळण गाठीवर ताणून बसलेलं मिळतं. ते गाठीचं नाही, अरॅक्नॉइडचा पडदा शाबूत ठेवून सोलून बाजूला घ्या. धमनी आकसली तर पापाव्हेरिनमध्ये (धमनी सैल करणाऱ्या औषधात) भिजवलेला कापूस ठेवून थांबा.

रक्त अडलं तर

1895 मध्ये वॅलेनबर्ग यांनी मेड्युलाच्या बाजूच्या झटक्याचं (स्ट्रोकचं) वर्णन केलं आणि तो आजार पायकाच्या नावावर जमा झाला. 1961 मध्ये मिलर फिशर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बहुतेक वेळा बंद पडलेली असते ती व्हर्टिब्रल. म्हणून अशा रुग्णात मानेपासूनच्या व्हर्टिब्रलची तपासणी करा.

पायकाच्या मोठ्या झटक्यात रुग्ण चक्कर आणि उलट्या घेऊन येतो, हातापायांची ताकद शाबूत असते आणि त्याला पित्ताच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं जातं. त्याला उभं करून चालवून बघा. आधाराशिवाय उभाच राहता येत नसेल तर घरी पाठवू नका. साधा सीटी सुरुवातीला चांगला दिसू शकतो. एमआरआयचा डिफ्यूजन (ताजा झटका दाखवणारा प्रकार) हवा, आणि तोही पहिल्या काही तासांत कधी कधी फसवतो.

सूज साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी वाढते. चौथा व्हेंट्रिकल दबतो, पाणी साचतं, रुग्ण झोपाळू होतो. नर्सला सांगून ठेवा की 'शांत झोपलाय' हा शब्द या रुग्णासाठी चालणार नाही, दर तासाला उठवून नोंद हवी. झोपाळूपणा दिसला आणि स्कॅनमध्ये दाब असला, तर मागची कवटी उघडायची, फोरामेन मॅग्नम मोकळा करायचा, ड्युरा रुंद करून शिवायचा. नुसता व्हेंट्रिकलचा ड्रेन टाकून थांबलात तर सुजलेला लहान मेंदू टेंटोरियममधून वर घुसू शकतो, म्हणून ड्रेन टाकलाच तर पाणी हळूहळू सोडा आणि ऑपरेशन थिएटर तयार ठेवा. रुग्ण हाकेला ओ देतोय तोवर निर्णय घ्या. डोळ्यांच्या बाहुल्या रुंद झाल्यावर केलेल्या ऑपरेशनचं फळ फार कमी मिळतं.